डायपोल अँटेना (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचा, स्वस्त आणि भरवशाचा अँटेना. तांब्याच्या तारेचे दोन सारखे तुकडे, मध्ये इन्सुलेटर आणि तेथून खाली येणारी कोअ‍ॅक्स केबल, एवढाच त्याचा संसार.

तारेची एकूण लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी ठेवतात. १४३ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की ती मीटरमध्ये मिळते, ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे २०.१ मीटर. तार मात्र थोडी जास्तच घ्यावी. जमिनीपासूनची उंची, जवळचे पत्रे, गच्चीवरच्या सळया हा हिशेब हमखास बिघडवतात. जागा अपुरी असल्यास मधला भाग बांबूवर चढवून दोन्ही टोके उतरती बांधतात. या ‘उलट्या व्ही’ला एकच खांब पुरतो.

चाचणीत पाहायचा तो एसडब्ल्यूआर, म्हणजे केबलमधील स्थिर तरंगांचे गुणोत्तर. तो २ असेल तर सुमारे ११ टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते, १.५ असेल तर ४ टक्के. त्याचा नीचांक हव्या वारंवारतेच्या खाली आला, तर तार लांब आहे असे समजून दोन्ही टोके सारखी छाटतात. नॅनोव्हीएनए या खिशात मावणाऱ्या यंत्राने हे काम फार सोपे केले.

तरीही या आकड्यावर भाळू नये. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकाचा, एसडब्ल्यूआर आदर्श १ असतो, पण त्यातून जवळपास काहीच प्रसारित होत नाही! खरी परीक्षा दूरवरच्या श्रोत्यांकडेच होते. त्यासाठी नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांची ‘डब्ल्यूएसपीआर’ ही अत्यल्प शक्तीवर संदेश पाठवण्याची पद्धत लोकप्रिय आहे.

भारतात प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना आवश्यक आहे.