रक्त कमी आणि बीपी जास्त: दोन्ही एकाच वेळी असू शकतं का?

"डॉक्टर, अंगात रक्तच कमी आहे, मग बीपी कसा वाढेल?" नांदेड-लातूरकडे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 'रक्त कमी' म्हणजे रक्त आटलं असं नाही. त्यातलं हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं: महिलांमध्ये 12, गरोदरपणी 11 आणि पुरुषांमध्ये 13 ग्रॅमच्या खाली. बीपी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचा दाब. त्यामुळे दोन्ही त्रास एकत्र असू शकतात. रक्त कमी आहे म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका.

दोन्ही एकत्र असतील तर आधी किडनी तपासून घ्या. रक्त तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीत बनतं. किडनी खराब झाली की ते घटतं आणि बीपीही वाढतो. सुरुवातीला लघवी नेहमीसारखीच होते, काही दुखत नाही. म्हणूनच उशीर होतो. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासली की अंदाज येतो. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय इथे यासाठी जाता येईल.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतो, किडनीला इजा होते आणि पोटात रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिनही घटतं. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर थांबू नका. (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण अशी चिकट नसते.)

अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे सवयच आहे. सलाईनने हिमोग्लोबिन वाढत नाही. नॉर्मल सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत 4.5 ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं. बीपी आणि किडनीच्या रुग्णाला ही बाटली महागात पडू शकते.

गरोदर बाईचं रक्त कमी असेल आणि बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोबत जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा झटका असेल तर 108 ला फोन करा.

लोहाच्या गोळ्या बीपीच्या बहुतेक गोळ्यांसोबत चालतात, तरी डॉक्टरांना दोन्ही दाखवा. लोहाची गोळी चहासोबत मात्र घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. त्या लिंबूपाण्यात मीठ नको.