मुलांचे कोर्ट

श्रोतेहो, वर्गात एका पोराने दुसऱ्याची पाटी फोडली, तर गुरुजींनी काय करावे? पूर्वी उत्तर सोपे होते. छडी, आणि पोर फारच द्वाड निघाले तर शाळेतून नाव कमी. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांपुरत्या या दोन्ही वाटा बंद केल्या. मग उरले काय, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. पोलंड देशातल्या वॉर्सा शहरी एका डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी याचे उत्तर शोधले होते. त्याची हकिकत ऐका.

यानुश कोर्चाक हे मुलांचे डॉक्टर. १९१२ साली त्यांनी क्रोखमाल्ना रस्त्यावर अनाथ ज्यू मुलांचे एक घर चालवायला घेतले. जोडीला स्तेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाई. कोर्चाकांच्या लक्षात आले, की मोठ्या माणसाचा न्याय त्याच्या मनःस्थितीवर चालतो. आज डोके दुखते म्हणून चापट, उद्या मन प्रसन्न म्हणून माफी. तेव्हा त्यांनी न्याय मुलांच्याच हाती सोपवला.

रीत अशी. भिंतीवर एक फळा. ज्याची तक्रार असेल त्याने आपले नाव आणि ज्याच्यावर तक्रार त्याचे नाव तिथे लिहायचे. आठवड्याला पाच मुले न्यायाला बसत. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून ती निवडत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो असा! मोठ्या माणसाने फक्त कारकुनी करायची: जबान्या लिहून घ्यायच्या. त्याला मत नाही.

आता त्यांचा कायदा पाहा. पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची नि क्षमेची. चूक अजाणता झाली, त्याला पश्चात्ताप झाला, पुन्हा करणार नाही म्हणतो, अशी. शंभरापासून पुढे शंभराशंभराच्या टप्प्याने कलमे कडक होत. तू चुकलास, एवढेच आधी सांगायचे. पुढे नाव जाहीर करायचे. त्याहून पुढे घरच्यांना कळवायचे. नऊशेवे कलम तर मोलाचे. कोर्टाची आशा संपली, तरी एखादा सोबती त्या मुलाला जामीन राहिला तर ते घरातच राही. हजारावे कलम तेवढे घराबाहेर काढण्याचे. म्हणजे बाहेरच्या दाराआधी एवढ्या पायऱ्या होत्या.

आणि हा कायदा मोठ्यांनाही लागू होता, बरं का! सहा महिन्यांत कोर्चाकांनी स्वतःवर पाच खटले भरले. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. पाचही वेळा पंचांनी शंभराच्या आतलीच कलमे लावली. या खटल्यांनी आपल्याला नवा शिक्षक घडवला, असे पुढे त्यांनीच लिहून ठेवले.

सगळे सुरळीत चालले असे मात्र समजू नका. काही मुले कोर्टाची टिंगल करू लागली, तेव्हा कोर्चाकांना ते काही आठवडे बंद ठेवावे लागले. मग नियम सुधारून त्यांनी ते पुन्हा उघडले. मोडले म्हणून टाकून दिले नाही. मुलांना लावायचा न्याय त्यांनी कोर्टालाही लावला.

पुढे नाझींनी ज्यूंना कोंडले. १९४२ च्या जुलैत, त्या कोंडवाड्यातच या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक केले. ऑगस्टमध्ये त्यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाक आणि विल्चिन्स्काबाई त्यांच्याबरोबर गेली. कुणी परत आले नाही.

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेत हजार कलमे नकोत. एक फळा, पाच चिठ्ठ्या आणि शनिवारचा एक तास, एवढ्यावर सुरुवात होईल. मात्र त्या फळ्यावर तुमचेही नाव लिहिता आले पाहिजे. ते जमत नसेल, तर पोरांच्या हाती न्याय दिला असे म्हणू नये. आणि घरी पाठवण्याइतका कुणी बिघडला, तर आधी वर्गाला विचारून पाहा: याला जामीन कोण राहतो? एखादा हात वर येईल. तोवर वाट पाहायला काय हरकत आहे?