पदवी भीमरावांची, जागरण रामजींचे

निकाल लागले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात. हार, पेढे, मागे बाबासाहेबांची प्रतिमा आणि खाली 'वस्तीतील पहिला इंजिनिअर', 'तालुक्यातील पहिली एम.बी.बी.एस.'. फोटोच्या कडेला आई-वडील अवघडून उभे असतात. दोन महिन्यांनी मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला जातो. कडेला उभ्या असलेल्या त्या दोघांचे पुढे काय होते, हे ग्रुपवर कधी येत नाही. आम्ही वस्तीत काम करत असल्याने आम्हाला ते दिसते. आमची तक्रार अशी आहे की चळवळीचा इतिहास लिहितानाही आपण हेच केले. पदव्या मोजल्या, पदवीसाठी जागलेल्या माणसांचा दिवस कसा जात होता, तो नोंदवला नाही.

सुरुवात सुभेदार रामजी सकपाळांपासूनच करू. त्यांना आपण १४ एप्रिलच्या भाषणात एका वाक्यात संपवतो: 'थोर पित्याने कष्ट करून शिकवले.' कष्ट म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगत नाही. रामजी लष्करी शाळेत शिकवत होते, चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. लष्कराने महार भरती बंद केली ती पुढे. म्हणजे ज्या दाराने रामजी आत शिरले, ते पुढच्या पिढीसाठी लावून घेतले गेले. रामजींजवळ उरले ते अक्षरज्ञान आणि पेन्शन. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आपल्या चळवळीची पहिली शिष्यवृत्ती ती पेन्शन होती.

पण नुसत्या पेन्शनवर भागत नव्हते. निवृत्तीनंतरही रामजींना नोकरीसाठी घर सोडावे लागले. १९०१ साली ते खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. मुले साताऱ्यात आत्याच्या देखरेखीखाली. आई भीमाबाई आधीच गेलेल्या. सुट्टीत मुले वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली आणि कोणीच न्यायला आले नाही, कारण पत्र रामजींच्या हातात पडलेच नव्हते. पुढचा बैलगाडीचा आणि पाण्यावाचूनच्या रात्रीचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, तो आपल्याला पाठ आहे. आपण तो अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या बाजूनेही एकदा वाचून पाहा. दुसऱ्या दिवशी मुले दारात उभी राहिल्यावर आपल्याला पत्रच मिळाले नाही हे ज्या बापाला कळले, त्याच्या बाजूने. आपल्या घरांत मुले पोटासाठी बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी बाप बाहेर पडलेला आहे.

मग मुंबई. परळची डबक चाळ, एक खोली. त्यातच चूल, भांडी, सरपण आणि माणसे. अभ्यासाला जागा नाही आणि शांतताही नाही. चरित्रकारांनी दिलेली हकीकत अशी की रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता मुलाला उठवून मग आपण आडवे होत. आम्ही वीस वेळा तरी हे भाषणात ऐकले असेल, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडतात त्या दोन वाजता उठणाऱ्या मुलासाठी. दोन वाजेपर्यंत जागणारा म्हातारा त्या वेळात काय करत असेल? खोलीत दिवा एकच आणि माणसे झोपलेली. हे एका रात्रीचे नव्हते.

पुस्तकांचेही तसेच. मुलाला पुस्तक हवे झाले की रामजी धाकट्या मुलीकडे उसने पैसे मागायला जात. तिच्याकडे नसले तर थोरल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना घेत आणि मारवाड्याकडे गहाण ठेवत. पेन्शन आली की सोडवून आणत. आमचे म्हणणे इथे थोडे कडू वाटेल. त्या मुलींच्या वाट्याला कॉलेज आले नाही. भावाच्या पुस्तकासाठी ज्यांच्या अंगावरचा डाग महिनाभर गहाण पडला, त्या बहिणींची नावे आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना न अडखळता सांगता येतील? मंजुळा आणि तुळसा. आणि घर सांभाळणारी आत्या मीराबाई.

केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, एल्फिन्स्टन कॉलेज झाले, १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. त्याच डिसेंबरात यशवंतचा जन्म. आता म्हाताऱ्याने सुखाने बसावे असे दिवस. तेवढ्यात बडोद्याच्या नोकरीचा प्रश्न आला. मुलाने तिकडे जाऊ नये असे रामजींचे मत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण आई-वडिलांचे पुतळे करतो आणि पुतळ्याला मत नसते. रामजींना होते. मुलाने ऐकले नाही. शिष्यवृत्ती घेतली होती, शब्द पाळायचा होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे आम्हाला वाटते. १९१७ साली बडोद्यात पारशी खानावळीतून बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, तेव्हा बापाची शंका खरी ठरली. पण ते पाहायला बाप नव्हता.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरतेला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींचे डोळे मुलाला शोधत होते. पाठीवर हात फिरवला आणि थोड्या वेळात गेले. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचला.

एम.ए.ला असताना आम्ही 'रिकामे घरटे' ही संकल्पना वाचली होती. मुले गेली, घर शांत झाले, आता आई-वडिलांनी छंद जोपासावेत वगैरे. ज्यांनी ती मांडली त्यांच्या घरात मुलाला वेगळी खोली असणार. आपल्याकडे घर रिकामे होत नाही. एका पोराची वळकटी कमी होते आणि त्या जागी भावाचा मुलगा शिकायला येतो. खर्चही थांबत नाही, उलट मेस आणि भाडे वाढते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली आई आठवा. नवरा गेल्यावर तिने आयदाने विणून संसार ओढला. मुले शिकत असताना तिचे हात थांबलेले दिसत नाहीत.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज उभे राहिले, ते मुलांसाठी तर होतेच. पण गावकुसाबाहेरच्या बापाचा पोराच्या जेवणाचा आणि राहण्याचा घोर त्याने थोडा हलका झाला. वसतिगृहाच्या भत्त्यासाठी आज मोर्चा काढतो तेव्हा ही बाजू आपण निवेदनात लिहीत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांविषयी निराशेने बोलले. त्याचा अर्थ आपण 'समाजाला विसरले' एवढाच घेतो. समाज म्हणजे आधी कोण, हा प्रश्न राहूनच जातो.

गेल्या वर्षापासून आम्ही वस्तीत एक वही ठेवली आहे. ज्यांची मुले शिकून बाहेर गेली त्या घरी जाऊन बसतो आणि लिहून घेतो: फी कशी भरली, काय विकले, कोणाचे काय गहाण पडले, आता दिवस कसा जातो. एक काका रुग्णालयात रात्रपाळीचे वॉचमन होते. मुलगी हैदराबादला नोकरीला आहे. ती शिकत असताना पहाटे चारला ते तिला ड्यूटीवरून फोन करून उठवत. आता ते निवृत्त आहेत, तरी चारला जाग येते. फोन हातात घेतात आणि ठेवून देतात. "तिला झोपू दे," म्हणाले.

आम्ही त्यांचे नाव लिहायला घेतले तर काकू आतून म्हणाल्या, "आधी थोरलीचं लिवा. तिनं दहावीतच शाळा सोडली, तवा धाकटीची फी भरली."