हौदावरचा परीट आणि मीरशिकारांचे जाळे

पाऊस ओसरू लागला की आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या हौदावर एक पाहुणा येतो. पाठ राखाडी, पोट पिवळसर, लांब शेपूट सतत वरखाली हलणारी. आमच्याकडे याला परीट म्हणतात. पक्ष्यांच्या पुस्तकात तो करडा धोबी. फजरची नमाज आटोपून लोक बाहेर पडतात तेव्हा तो हौदाच्या काठावर किडे टिपत असतो. अब्बा त्याला पाहून म्हणत, "आला बघ. आता पाऊस गेला." अब्बा गेल्यापासून त्याची वाट मी पाहतो.

नोव्हेंबरमध्ये आमच्या भागातले पक्षीनिरीक्षक दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे असतात. ईशान्य भारतातून आफ्रिकेकडे निघालेला अमूर ससाणा एखाद्या सड्यावर दिसला, तर मोबाईलवर फोटोंचा पाऊस पडतो. परीट दुर्मीळ नाही, त्याचा फोटो कोणी पाठवत नाही. पण एकदा मदरशातल्या एका मुलाने मला विचारले, "चाचा, हा हिमालयाकडून येतो हे तुम्हाला कोणी सांगितले?" या साध्या प्रश्नाच्या उत्तरात एक मोठा इतिहास दडला आहे.

पक्षी कुठून येतो, कुठे जातो, हे कळायचा जुना मार्ग म्हणजे त्याच्या पायात हलकी धातूची कडी घालणे. कडीवर क्रमांक आणि पत्ता असतो. तो पक्षी दुसरीकडे सापडला आणि कोणी कळवले, की प्रवासाची दोन टोके हाती लागतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२० च्या दशकात धारच्या महाराजांच्या मदतीने हे काम सुरू केले. मात्र त्याला मोठे रूप दिले ते डॉ. सलीम अली यांनी.

सलीम अली १८९६ साली मुंबईत जन्मले. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका त्यांना सोसायटीच्या दारात घेऊन गेला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. पुढे जर्मनीत शिकताना हेलिगोलँड बेटावरच्या केंद्रात त्यांनी कड्या घालण्याचे काम पाहिले. आपल्या देशातही हे व्हावे, ही त्यांची इच्छा होती. अडचण पैशांची होती.

पैसा आला तो एका आजारामुळे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला, तेव्हा हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. मग शंका आली, की सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षीच अंगावरच्या गोचिडांबरोबर हा आजार आणत असतील का? हे तपासायचे तर पक्षी जिवंत पकडायला हवेत. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले.

पण हजारो पक्षी इजा न होता पकडणार कोण? येथे इतिहासात अशी माणसे येतात, ज्यांची नावे पुस्तकांत क्वचितच सापडतात. बिहारमधले मीरशिकार. शाही शिकारीच्या व्यवस्थेतला हा जुना हुद्दा. पुढे तो पक्षी पकडून पोट भरणाऱ्या गरीब मुस्लिम जमातीची ओळख बनला. जाळे, फासे, बांबूच्या टोकाला लावलेला चिकट लासा, पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे चालत आलेले. त्यातलेच अली हुसेन सोसायटीच्या कामात आले आणि त्यांच्या हातांच्या कसबाने मोठमोठे शास्त्रज्ञ थक्क झाले. काल बाजारासाठी पक्षी धरणारा हात आज त्याच्या पायात कडी घालून त्याला सोडून देत होता. भरतपूर, कच्छ, पॉइंट कॅलिमेर येथे तळ पडले. येथे कडी घातलेली बदके सोव्हिएत संघात सापडल्याची पत्रे येऊ लागली. अनेक छोटे पक्षी वर्षानुवर्षे त्याच जागी परततात, हेही दिसले.

त्याच काळात संशयही आला. पुढच्या टप्प्यात या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन विभागाचा पैसा मिळाला होता. पक्ष्यांकरवी जंतू पसरवण्याची ही तयारी तर नाही ना, अशी ओरड झाली आणि १९७० च्या दशकात परदेशी मदतीच्या संशोधनाची चौकशी संसदेपर्यंत गेली. शीतयुद्धाच्या दिवसांत लष्करी पैशाबद्दल प्रश्न विचारणे गैर नव्हते, असे मला वाटते. पण ज्याने आयुष्य या देशाचे पक्षी मोजण्यात घालवले, त्याच्यावर अशी सावली पडावी, हे वाचताना आजही मनाला लागते.

आणि ज्या पक्ष्यांवर मूळ आरोप होता त्यांचे काय झाले? सायबेरियातून त्यांनी आजार आणल्याचे सिद्ध झाले नाही. तो विषाणू इथल्याच जंगलातला, इथल्याच गोचिडांमध्ये आणि लहान प्राण्यांमध्ये राहणारा आहे. जंगल तुटले, माणूस आणि गुरे आत शिरली, तसा तो माणसापर्यंत आला. हाच आपल्या सिंधुदुर्गातला माकडताप. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसे नेली, तेव्हा काजूच्या बागेत पाचोळा गोळा करायलाही लोक घाबरत होते.

आजार आला की आपली नजर आधी बाहेरून आलेल्यावर जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाजीवाल्याला शेजारच्या आळीत नाव विचारून परत पाठवले गेले. त्याचे कुटुंब तीन पिढ्या त्याच आळीत भाजी विकत होते. तो काही बोलला नाही, हातगाडी वळवून घरी आला. क्यासनूरची हकीकत मी नंतर वाचली आणि मला त्याची गाडी आठवली. दोन्ही ठिकाणी शंका घेणे सोपे होते. फरक एवढाच, की पक्ष्यांच्या बाबतीत कोणीतरी वर्षानुवर्षे चिखलात उभे राहून खरे काय ते तपासले.

मदरशातल्या त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. आता तो आणि त्याचे तीन मित्र परीट कोणत्या तारखेला आला हे वहीत लिहून ठेवतात. यंदा २१ सप्टेंबर. तुमच्याही विहिरीवर, पऱ्ह्यावर किंवा मशिदीच्या हौदावर तो आला असेल. तारीख लिहून ठेवा. आणि कधी एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी दिसली, तर क्रमांक टिपून सोसायटीला जरूर कळवा. दुसऱ्या टोकाला कोणीतरी त्या पत्राची वाट पाहत असते.