चोविसाव्या जागेवरचा थांबा

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरात जन्मतः ऐकू न येणारं मूल आलं, की कारण शोधताना बोट बहुधा आईकडे वळतं. ग्रहण पाळलं नसेल, काही भलतं खाल्लं असेल, नाहीतर तिच्या माहेरातच दोष असेल. बहिरेपणाची कारणं अनेक आहेत हे खरं. गरोदरपणातला काही विशिष्ट संसर्ग हेही त्यातलं एक, आणि संबंधित जनुकंच शंभराहून अधिक आहेत. पण भारतातल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत हे मूळ त्या नऊ महिन्यांत नाहीच. ते फार जुन्या काळी कुणा एका पूर्वजाच्या जनुकात झालेल्या एका अक्षराच्या बदलात आहे, आणि मुलाकडे ते आई आणि बाप दोघांकडूनही सारखंच आलेलं असतं.

हा बदल ज्या प्रथिनात झाला त्याचं नाव कोनेक्सिन-२६. ते अवघ्या २२६ अमिनो आम्लांचं आहे. अशी सहा प्रथिनं गोलाकार जमून पेशीच्या पटलात अर्धी नळी बनवतात. शेजारच्या पेशीची तशीच अर्धी नळी समोरून येऊन जुळली, की बारा प्रथिनांचा पूर्ण मार्ग तयार होतो. २००९ साली माएदा, त्सुकिहारा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या मार्गाची रचना ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्याने उलगडली. प्रत्येक प्रथिनाचं सुरुवातीचं टोक नळीत आत वळून तिथे नरसाळं बनवतं, असं त्यात दिसलं. अंतर्कर्णात आवाजाबरोबर केसपेशींमध्ये शिरलेलं पोटॅशियम पुन्हा द्रवाकडे नेण्याच्या कामी आधारपेशींमधले हे मार्ग येतात, असं बरीच वर्षं मानलं गेलं. उंदरांवरच्या पुढच्या प्रयोगांनी तेवढ्यावर समाधान मानू दिलं नाही; अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागाची घडण वाढीच्या वयात नीट होण्यासाठीही हेच प्रथिन लागतं असं दिसतं. नेमकं कोणतं काम अडल्याने कान बंद पडतो यावर वाद होऊ शकतो. पण हे प्रथिन नसेल तर कान चालत नाही, यावर तो नाही.

प्रथिनाच्या चोविसाव्या जागी ट्रिप्टोफॅन येतं. त्याचा संकेत टीजीजी. मधल्या जी-च्या जागी ए आला की तो टीएजी होतो, म्हणजे ‘इथे थांबा’. बांधणी तेवीस घटकांवर तुटते आणि पटलात रुतून बसणारा जवळजवळ सगळा भाग तयारच होत नाही. या बदलाला डब्ल्यू२४एक्स म्हणतात. १९९७ साली डेव्हिड केल्सेल आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून कोनेक्सिन-२६ चा बहिरेपणाशी संबंध दाखवला, तेव्हाच तो नोंदला गेला. २००३ मध्ये रामशंकर, अनुरंजन आनंद आणि सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबं तपासली, तर तिथेही पुढे आला तो हाच. एका अक्षराचा बदल वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणेही होऊ शकेल, ही शंका रास्त आहे. पण तसं असतं तर बदलाच्या आजूबाजूचा जनुकीय मजकूर घराण्यागणिक वेगळा निघाला असता. तो बहुतांशी एकच निघाला. म्हणजे पूर्वज एक. युरोपात सर्वसाधारणपणे ३५डेलजी हा दुसराच बदल आढळतो, पण भारतातून हजारेक वर्षांपूर्वी निघालेल्या रोमा लोकांत, स्लोव्हाकियात आणि स्पेनमध्येही, डब्ल्यू२४एक्स भेटतो. माणसं गेली तिकडे तोही गेला.

आता मराठवाड्यातला नेहमीचा आक्षेप: मामाची मुलगी करणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मग आमच्यात कुणी बहिरं का नाही? महाराष्ट्रातल्या या प्रथेची दखल इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात घेतली आहे. प्रथा बदल घडवत नाही. लपलेला बदल दोन्ही बाजूंनी एकत्र आणते. आजोबा वाहक असतील, म्हणजे त्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच हा बदल असेल, तर नातवाकडे तो येण्याची शक्यता चारात एक, आते-मामे भावंडं दोघंही वाहक असण्याची सोळात एक, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला बहिरेपण येण्याची चौसष्टात एक. म्हणून बहुतेक घरांना काहीच दिसत नाही, आणि वाहकांना स्वतःला नीट ऐकू येतं, त्यामुळे संशयही येत नाही. पण दोघंही वाहक आहेत हे ठरलं, की दर मुलामागे चारात एक. नात्याबाहेर लग्न केलं की सुटलो, असंही नाही. पोटजातीतच सोयरिकी होत राहिल्या तर परक्या घराचा पूर्वजही तोच निघू शकतो.

या बहिरेपणात श्रवणनस बहुधा शाबूत असते. कॉक्लियर इम्प्लांट तिला थेट विद्युतसंकेत देतं, त्या नळ्यांवर अवलंबून राहत नाही. म्हणून अशा मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र मेंदू भाषा पकडतो तो काळ पहिल्या काही वर्षांचाच. वेळेत पाहायची सोय आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरात दोष कुणाचा यावर महिने जातात, ते त्याच वर्षांतून जातात.