यकृतात कर्करोग रुजतो कसा?

स्टीफन पॅजेट या लंडनच्या शल्यविशारदांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पडताळल्या. २४१ जणांच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. हा निव्वळ योगायोग नव्हे, हे त्यांनी ओळखलं. बी सगळीकडे पसरतं, पण मानवेल त्याच जमिनीत रुजतं, असं त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांना हे मान्य नव्हतं. रक्त जाईल तिकडे रोग जातो, असं त्यांनी १९२८ मध्ये ठामपणे लिहिलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे सहज पटायचं. आतड्यातलं बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतातच येतं.

पण वाट मिळाली म्हणून मुक्काम जमतोच असं नाही. १९८० मध्ये इयान हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांचे तुकडे रोपले आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. पेशी तिन्हीकडे पोचल्या. गाठी मात्र फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांतच वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत नाहीत.

मग नव्या अवयवात पेशी जगतात कशावर? ऑक्सिजन असूनही गाठी ग्लुकोजपासून भरमसाट लॅक्टिक आम्ल बनवतात, हे ओटो वारबुर्ग यांनी बर्लिनमध्ये १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. यकृतातल्या बिऱ्हाडाचा हिशेब मात्र अलीकडे उलगडू लागला.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तवाझोई यांच्या गटाला दिसलं, की यकृतात ऑक्सिजनची चणचण भासली की आतड्याच्या कर्करोगपेशी एक एन्झाइम पेशीबाहेर सोडतात. ते बाहेरच फॉस्फोक्रिएटिन तयार करतं. पेशी ते आत ओढून घेतात आणि त्यातून ऊर्जा मिळवतात. २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या शिलिंग शेन यांच्या गटाने आणखी एक सवय पकडली. यकृतात पोचलेल्या पेशी अल्डोलेज-बी हे एन्झाइम वाढवून फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, वापरू लागतात. आहारातलं फ्रुक्टोज कमी केल्यावर उंदरांच्या यकृतातल्या गाठींची वाढ मंदावली. आतड्यातल्या मूळ गाठीवर फारसा परिणाम झाला नाही.

म्हणजे पॅजेट आणि युइंग दोघांचंही म्हणणं अर्धं खरं होतं. वाट रक्त दाखवतं, रुजण्यासाठी पेशी स्वतःचा आहार बदलते. मात्र फ्रुक्टोजचा तो प्रयोग उंदरांवरचा आहे; त्याच्या भरवशावर कुणी रुग्णाची फळं परस्पर बंद करू नयेत.