गाण्याचे नाव कोठे लिहावे?

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बोलता केला आणि गाणे साठवून ठेवण्याची सोय माणसाला झाली. त्याआधीचे गाणे गवयाबरोबरच जाई. किंबहुना त्यानंतरही कित्येकांचे गेलेच. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याची वर्णने ऐकत आमच्या आधीच्या दोन पिढ्या वाढल्या, पण कानाला लावून ऐकावी अशी त्यांची एक तबकडी मागे राहिली नाही. त्याबद्दल हळहळावे, पण तक्रार कोणाकडे करावी? जे साठवलेच नव्हते ते हरवले असे म्हणता येत नाही. मला आज लिहायचे आहे ते दुसऱ्या जातीच्या हरवण्याविषयी. गाणे साठवलेले आहे, त्याची नक्कल काढून ठेवलेली आहे, ती नक्कल कपाटात सुखरूप आहे, आणि तरीही मागितल्या वेळी गाणे हाती येत नाही! हल्लीची मुले याला 'बॅकअप रिस्टोअर होत नाही' असे म्हणतात. शब्द नवे आहेत. दुखणे तितके नवे नाही.

या दुखण्याचा उगम शोधायला १९०२ सालच्या कलकत्त्यात जावे लागते. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग तेथे उतरला आणि थोड्या आठवड्यांत पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे करून गेला. गौहरजान ही त्यांतली सर्वांत नामांकित गायिका. तिच्या त्या काळच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना ठाऊक असेल की, गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने पुकारते. पुष्कळांना तो तिचा नखरा वाटतो. नखराही असेल, गौहरजानला तो शोभतही होता. पण मूळ कारण फार व्यवहारी होते. मेणाच्या थाळीवर घेतलेले गाणे जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तेथल्या कारखान्यात त्याच्या तबकड्या निघायच्या. तेथल्या कारागिरांना ना बंगाली कळे ना हिंदुस्थानी. कोणती थाळी कोणाची हे त्यांनी ओळखावे कसे? तेव्हा गाणाऱ्याने गाण्यातच आपले नाव सांगून टाकावे, ही युक्ती निघाली. कागद भिजला, पेटी बदलली, चिठ्ठी गळून पडली, तरी नाव गाण्याला चिकटलेले!

ही युक्ती लवकरच मागे पडली. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, नोंदवह्या नीट राहू लागल्या, आणि नाव लेबलावर छापले म्हणजे पुरे झाले असे सर्वांना वाटू लागले. नक्कल राखण्याची व्यवस्थाही कारखान्यात पक्की झाली. मूळ मेणावरून धातूचा उलटा ठसा, त्यावरून धातूचीच सुलटी प्रत, आणि तिच्यावरून तबकड्या दाबायचे साचे, अशी ती उतरंड असे. मधल्या सुलट्या प्रतीला कारखान्यात 'मदर' म्हणत. साचा झिजला की आईकडे जायचे आणि नवा घडवून आणायचा. बॅकअप हा शब्द तेव्हा कोणी वापरीत नसे, परंतु वस्तू तीच.

आता मधली सत्तर-ऐंशी वर्षे मी ओलांडतो, कारण ७८ फेऱ्यांच्या, पुढे लाँगप्ले, त्यापुढे कॅसेट, हा प्रवास वाचकांच्या घरातूनच झालेला आहे. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि गाण्याचे आकडे झाले. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि ती अंकात लिहायची, असा तो हिशेब. आकड्यांची नक्कल मुळाहून रतिभरही उणी नसते, म्हणून जपणुकीचा प्रश्न आता कायमचा मिटला असे शहाण्या माणसांनाही वाटले. पण मौज पाहा: त्या पहिल्या पहिल्या सीडींत गाण्याचे नावच नव्हते! कितवे गाणे आणि त्याची लांबी किती, एवढेच यंत्राला कळे. नाव छापलेले असे ते डबीतल्या कागदावर. पुढे संगणकावर सीडी वाजवू लागलेल्या मंडळींनी जगभरच्या हौशी लोकांकडून नावे टाइप करवून घेतली आणि गाण्यांच्या लांब्यांवरून सीडी ओळखायची सोय केली. आमच्या नाट्यगीतांची नावे त्या यादीत इतक्या परींच्या रोमन स्पेलिंगांत सापडत की, एकच पद चार वेगवेगळ्या जागी जाऊन बसे.

१९९५ च्या जुलैत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या मंडळींनी आपल्या आक्रसलेल्या ध्वनीच्या फाइलीला 'एमपीथ्री' हे शेपूट लावायचे ठरवले. या फाइलीतही गाण्याच्या नावाची सोय नव्हती. ती १९९६ साली एरिक केम्प याने केली. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडायचा. त्यात ३० अक्षरे गाण्याच्या नावाला, ३० गायकाला, ३० संग्रहाला, ४ सालाला, असा बेत. गाणे संपल्यावर शेवटी नाव! गौहरजानने चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी केले तेच या माणसाने केले, आणि त्याला ती गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही. फक्त त्या १२८ बाइटांत देवनागरीला जागा नव्हती. १९९८ साली सुधारलेली पद्धत आली तीत ती झाली. तोपर्यंत ज्यांनी मराठी नावे घालण्याचा खटाटोप केला, त्यांना पुढे प्रश्नचिन्हांच्या ओळी पाहायला मिळाल्या.

जानेवारी २००१ मध्ये अ‍ॅपलने 'आयट्यून्स' काढले आणि ऑक्टोबरात हजार गाणी खिशात घालणारा 'आयपॉड'. येथून पुढे सामान्य माणसाचा संग्रह दोन भागांत विभागला गेला, आणि वाचकांनी लक्षात ठेवावे असे काही असेल तर ते एवढेच. एक कोठार, ज्यात गाण्यांच्या फाइली. आणि एक वही, जीत कोणते गाणे कोठाराच्या कोणत्या फडताळात आहे, किती वेळा ऐकले, कोणत्या यादीत घातले, हे लिहिलेले. आपण पडद्यावर पाहतो ती वही. वही शाबूत आणि कोठार रिकामे असले तरी पडद्यावर गाणी दिसतात. कोठार भरलेले आणि वही हरवली तर गाणी असून नसल्यासारखी.

कोठारच उडाल्याचे एक उदाहरण त्याच वर्षीचे आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये आयट्यून्सची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या मांडणीच्या आज्ञावलीत जुनी आवृत्ती पुसण्याची एक ओळ होती, आणि तीत अवतरणचिन्हे घालायची राहिली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्या बाबतीत त्या ओळीचा अर्थ बदलला आणि काहींच्या डिस्काच पुसल्या गेल्या. दोन चिन्हांचा हा प्रताप. मुद्रितशोधनाला कमी लेखणाऱ्यांनी ही हकीकत टिपून ठेवावी.

दुसरी तऱ्हा कुलपाची. मायक्रोसॉफ्टच्या 'एमएसएन म्युझिक' या दुकानातून पैसे देऊन घेतलेली गाणी कुलूपबंद असत, आणि किल्ली दुकानाच्या यंत्राकडून मिळे. दुकान २००६ साली बंद झाले. एप्रिल २००८ मध्ये गिऱ्हाइकांना कळवण्यात आले की, ऑगस्टअखेर किल्ल्या देणारे यंत्रही बंद होईल. त्यानंतर नव्या संगणकावर नेलेले गाणे वाजणार नाही. बॅकअप बिनचूक, फाइल जशीच्या तशी, आणि आवाज नाही! लोकांनी गिल्ला केला तेव्हा ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली. तिसरी तऱ्हा 'मायस्पेस'ची. मार्च २०१९ मध्ये उघड झाले की, एका यंत्रावरून दुसऱ्यावर सामान हलवताना त्यांच्याकडची २००३ ते २०१५ या बारा वर्षांतली गाणी नाहीशी झाली आहेत. संख्या पाच कोटींच्या वर सांगतात. त्यांतली सुमारे ४,९०,००० गाणी पुढच्याच महिन्यात 'इंटरनेट अर्काइव्ह'ने लोकांपुढे ठेवली, ती काही अभ्यासकांनी आपल्या संशोधनासाठी पूर्वीच उतरवून घेतली होती म्हणून. धन्याकडे नाही ते पाहुण्याकडे निघाले.

ही सगळी प्रकरणे मला वाचून माहीत होती. परंतु चौथी तऱ्हा मी घरी पाहिली, आणि ती कोणत्या पुस्तकात मला सापडली नाही.

माझे मामा सांगलीचे. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रितशोधक होते. पगारातले चार पैसे उरले की ते तबकडीत जात. निवृत्तीनंतर त्यांनी बारा वर्षे खपून सगळ्या तबकड्या आणि घरगुती मैफलींच्या फिती संगणकावर उतरवल्या. प्रत्येकीला देवनागरीत नाव दिले, गायक, राग, साथीदार, मैफल कोणाच्या माडीवर झाली, सारे लिहिले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले. तबकड्या चिखलातून काढल्या तेव्हा कागदी लेबले सुटून गेलेली आणि फितींचा तर लगदा झालेला. संगणक वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. त्या दिवसापासून तो संग्रह हेच मूळ आणि तीच नक्कल.

गेल्या वर्षी तो संगणकही थकला. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता. माझ्या मुलीने दुसऱ्या जातीचे नवे यंत्र आणून तो त्यावर उतरवला. पडद्यावर यादी दिसली आणि निम्म्याहून अधिक गाण्यांपुढे 'फाइल सापडत नाही' अशी खूण! मामा काही बोलले नाहीत. ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

मुलीने जे केले ते क्रमाने सांगतो, कारण पुष्कळांच्या उपयोगी पडेल. बॅकअपच्या डिस्कला तिने हात लावला नाही. आधी तिची आणखी एक नक्कल काढली आणि जे काय करायचे ते त्या नकलेवर. मग दोन्हीकडच्या फाइली मोजल्या, संख्या जुळली. मग हरवलेल्या म्हटलेल्यांपैकी एक फाइल वहीला वगळून थेट उघडली, उत्तम वाजली. म्हणजे कोठार भरलेले होते, वहीचा पत्ता चुकत होता. जुन्या डिस्कचे नाव नव्या यंत्रावर वेगळे पडले होते. ते वहीत बदलताच बहुतेक गाणी परत आली. पण सुमारे तीनशे आली नाहीत, आणि त्यांत मैफलींचे सगळेच्या सगळे दप्तर होते. नाव तेच, जागा तीच, डोळ्यांना कोठे फरक नाही. तिने तीनशेंची यादी छापून काढली आणि हताश होऊन मामांपुढे ठेवली.

मामांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि सवयीने प्रूफ तपासावे तशी यादी वाचू लागले. तिसऱ्या पानावर थांबून म्हणाले, "अगं, यांत सगळीकडे वाऱ्यातला र आहे." खरेच होते. वाऱ्यावर, किनाऱ्याला, ताऱ्यांची, साऱ्यांनी. हा चिमुकला आडवा र नाही असे एकही नाव त्या यादीत नव्हते. आणि मैफलींच्या कप्प्याला मामांनी विनोदाने नाव दिले होते 'म्हाताऱ्यांच्या मैफली'. एका कप्प्याच्या नावात तो र, म्हणून आतले सगळे अडकलेले. "छापखान्यातही हा खिळा वेळेवर सापडत नसे," असेही ते वर म्हणाले.

मुलीला एवढे पुरे झाले. संगणकाच्या युनिकोड लिपीसंग्रहात हा 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. जुन्या यंत्राची पद्धत फाइलींची नावे फोडून ठेवण्याची, वहीत मात्र अखंड अक्षर. आणि जुन्या यंत्राला दोन्ही एकच आहेत हे कळत असल्याने तेथे कधी अडले नाही. नवे यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहणारे, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावे. मराठीत हे अक्षर पदोपदी लागते. ज्या भाषांत ते लागतच नाही, तेथल्या लोकांना ही अडचण स्वप्नातही दिसली नसती. दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहून तिने सगळी नावे एका पद्धतीत आणली, वही पुन्हा उघडली, आणि खुणा गेल्या.

त्याच रात्री तिने आणखी एक काम केले. मामांनी वहीत लिहिलेले सारे, गायक, राग, माडी, साथीदार, प्रत्येक फाइलीच्या पोटातही उतरवले. मामांना त्याचे कारण विचारावेसे वाटले नाही. ते 'म्हाताऱ्यांच्या मैफली' उघडून बसले होते. पहिली लावली ती १९७१ सालची, मिरजेच्या एका वाड्यातली. तंबोरे जुळत होते, कोणीतरी खोकले, आणि मामा म्हणाले, "हा मी."